लहान हाताच्या मुलीसाठी एअर पिस्तूल घेताना

साताऱ्याहून एका वडिलांनी विचारलं आहे. मुलगी १३ वर्षांची, उजव्या हाताने मारते, गेलं वर्षभर क्लबच्या पिस्तुलावर १० मीटरचा सराव चालू आहे. ट्रिगरपर्यंत बोट नीट पोचत नाही, शॉट सारखे डावीकडे जातात, तासाभराने मनगट दुखायला लागतं. आता स्वतःचं पिस्तूल घ्यायचं आहे, दोन लाखांपर्यंत तयारी आहे. मॉरिनी कंपनीचं घ्यावं की स्टायरचं? आणि रेंजवरचे काही जण म्हणतात की हात वाढणारच आहे, मीडियम ग्रिपचं (ग्रिप म्हणजे पिस्तुलाची लाकडी मूठ) घेऊन ठेवा, पुढे उपयोगी पडेल. हे बरोबर आहे का?

मी पुण्यात मुलांना पिस्तूल शिकवते. माझा स्वतःचा हात लहान आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याहून जास्त मुली याच अडचणीतून जातात, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

मॉरिनी की स्टायर याकडे नंतर येऊ. तुम्ही ज्या तीन तक्रारी लिहिल्या आहेत त्या तिन्ही एकाच ठिकाणाहून निघतात, असा माझा अंदाज आहे. क्लबची ग्रिप तिच्या हाताला मोठी पडते आहे. तीच ग्रिप नव्या पिस्तुलाबरोबर घरी आली तर पैसे जातील आणि तक्रारी जागेवर राहतील.

ग्रिप मोठी असली की हातात काय होतं ते बघा. पिस्तूल नीट धरलं तर अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला खोबणीचा भाग ग्रिपच्या मागच्या वरच्या टोकाला बरोबर मधोमध, आणि जेवढा वर जाईल तेवढा वर बसतो. नळी आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा हात जवळपास एका रेषेत येतो. वजन मधल्या बोटावर असतं, ते ट्रिगर गार्डच्या खाली चिकटून बसलेलं असतं. तर्जनी लाकडाला न टेकता मोकळी राहते आणि तिचं पहिलं पेर ट्रिगरवर सपाट टेकतं. आता हात लहान आणि ग्रिप मोठी असेल तर एवढ्या लांब बोट पोचवायला मुलगी नकळत सगळा पंजाच ग्रिपभोवती फिरवते. खोबणी मधोमध राहत नाही, उजवीकडे सरकते. मग नळी हाताच्या रेषेतून सुटून उजवीकडे बघायला लागते, आणि ती सरळ करायला मनगट डावीकडे वाकवावं लागतं. एका शॉटला हे जाणवत नाही. साठ शॉटच्या सामन्यात मात्र ते वाकलेलं मनगट दर वेळी थोडं वेगळं वाकतं, आणि दुखतं.

एवढं करूनही पुष्कळदा बोटाचं फक्त टोक ट्रिगरला लागतं. टोकाने दाबताना ट्रिगर सरळ मागे येत नाही, पिस्तूल डावीकडे ढकललं जातं. तुमच्या मुलीचे डावीकडचे शॉट बहुधा इथून येतात. शिवाय टोकाने दाबलं की ट्रिगर जड वाटतो. मुलं कोचकडे येऊन 'सर, ट्रिगर हलका करा ना' म्हणतात. पण १० मीटर एअर पिस्तुलात ट्रिगरला किमान ५०० ग्रॅम वजन पेलावं लागतं, इक्विपमेंट कंट्रोलला, म्हणजे सामन्याच्या साहित्य तपासणीत, ते वजन लावून तपासतात. तिथे हलका करायला जागाच नाही. बोट पोचलं की तेच ५०० ग्रॅम हलके लागतात.

हे माझ्या शब्दावर घेऊ नका, तपासून बघा. पिस्तूल रिकामं आहे याची खात्री करून, पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून तिला नेहमीच्या पोझिशनमध्ये उभी करा. ग्रिप घेऊन हात खाली, डोळे मिटून हात नेहमीच्या उंचीवर उचलायचा, मनगट जाणूनबुजून वळवायचं नाही, आणि मग डोळे उघडायचे. पुढची साइट, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, मागच्या खाचेत जवळपास मधे दिसली तर ग्रिप ठीक आहे. दर वेळी उजव्या भिंतीला चिकटलेली दिसली तर पंजा फिरला आहे. वर-खाली दिसली तर ग्रिपचा कोन किंवा पाम शेल्फची, म्हणजे तळहाताच्या खालच्या सरकत्या फळीची, उंची चुकते आहे. हे पाच-सात वेळा करायचं, कारण एक-दोनदा कुणाचंही चुकतं. आणि मधे तिला सांगायचं नाही की काय दिसायला हवं. मुलं हुशार असतात, पाहिजे ते दाखवतात.

दुसरी खूण डाव्या बाजूने बघायची. मधलं बोट आणि अनामिका ग्रिपला वळसा घालून डाव्या बाजूला कुठपर्यंत येतात? बोटांची टोकं लाकडाच्या अर्ध्यातच थांबत असतील तर त्यांना दाब देता येत नाही, आणि ती कमतरता अंगठा भरून काढायला बघतो. अंगठ्याने दाबलं की साइट थरथरते. उलट, टोकं फिरून तळव्यात रुतत असतील तर ग्रिप लहान आहे. तेही वाईटच, पण ते मला फार क्वचित दिसतं.

आता रेंजवर सर्रास होणाऱ्या एका इलाजाबद्दल. मुलीच्या हातात पिस्तूल सैल बसतं म्हणून कुणीतरी पान्याने पाम शेल्फ घट्ट वर चढवून देतं. मुलीला लगेच बरं वाटतं, पकड आल्यासारखी वाटते. पण शेल्फने मोठी ग्रिप लहान होत नाही. ट्रिगरपर्यंतचं अंतर तेवढंच राहतं, जाडी तेवढीच राहते, फक्त पंजा शिकंज्यात धरल्यासारखा होतो. शेल्फ तळहाताच्या कडेला जेमतेम टेकायला हवी. पिस्तूल हातातून काढताना थोडं घासून निघालं की समजावं, बरोबर आहे. ओढून काढावं लागत असेल तर ती जास्त वर आहे. माझं मत स्पष्ट आहे: शेल्फ सगळ्यात शेवटी लावायची, आणि वाढत्या मुलांची दर दोन-तीन महिन्यांनी बघायची.

मग माप कसं घ्यायचं? उजवा पंजा कागदावर सपाट ठेवा, बोटं किंचित फाकवा आणि पेन्सिल उभी धरून बाह्यरेखा काढा. चार बोटांच्या मुळांपाशी तळव्याची रुंदी मोजा, अंगठा सोडून. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत लांबी मोजा. तिसरं माप लोक घेत नाहीत आणि माझ्या मते तेच महत्त्वाचं आहे: अंगठा-तर्जनीमधल्या खोबणीपासून तर्जनीच्या पहिल्या पेराच्या मध्यापर्यंतचं अंतर. तळवा रुंद पण बोटं आखूड अशा मुली भरपूर असतात. त्यांना रुंदीवरून मीडियम सांगितली जाते आणि ट्रिगर लांबच राहतो. हे तिसरं माप जवळ असलं की विक्रेत्याशी नेमकं बोलता येतं. ग्रिप एक्स्ट्रा स्मॉलपासून लार्जपर्यंत मिळतात, पण प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा असतो. एकाची स्मॉल दुसऱ्याच्या मीडियमच्या जवळ जाते. म्हणून 'तिला स्मॉल लागते' एवढं सांगून भागत नाही, मिलिमीटरमध्ये बोला.

ट्रिगरचं ब्लेडही पुढे-मागे सरकतं, हे बऱ्याच पालकांना माहीत नसतं. बहुतेक सगळ्या मॅच पिस्तुलांत ते छोट्या रुळावर असतं आणि बारीक ॲलन कीने सैल करून मागे घेता येतं. क्लबच्या पिस्तुलात ते कुणा मोठ्या हाताच्या मुलासाठी पुढे ढकलून ठेवलेलं असण्याची शक्यता खूप आहे. कोचला विचारून आधी तेवढंच करून बघा. ब्लेड पूर्ण मागे घेऊन डोळे मिटून उचलण्याची चाचणी सुधारली, तर नवीन ग्रिप किती लहान हवी याचाही अंदाज येईल.

'हात वाढेलच' या सल्ल्याबद्दल. शाळेचा बूट एक नंबर मोठा घेतो तसा हा हिशेब लोक करतात, पण बुटात पुढे कापूस कोंबता येतो, इथे तसं काही कोंबता येत नाही. दुसरं, मुलींमध्ये हातापायांची वाढ उंचीच्या आधी संपत येते. १३ व्या वर्षी तिचा पंजा अजून किती वाढेल हे घरातल्या बायकांचे हात बघून थोडंफार कळतं, पण एखाद्या मुलाइतका तो वाढेल असं धरू नका. मुलगा असता तर मी थोडं वेगळं सांगितलं असतं. आणि तिसरं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं: हे दोन-तीन वर्षं तिची पकड, मनगट आणि ट्रिगर दाबण्याची सवय ठरते आहे. चुकीच्या मापावर बसलेली सवय मोडायला नंतर बराच काळ जातो, आणि त्या काळात स्कोअर खाली जातो, म्हणून मुलं ती मोडायला तयारच होत नाहीत.

ग्रिप वेगळी बदलता येते, हे लक्षात घेतलं की हा वाद मिटतो. पिस्तूल दहा-पंधरा वर्षं चालतं, ग्रिप एक-दोन स्क्रूवर निघते. आज स्मॉल किंवा एक्स्ट्रा स्मॉल घ्या, हात खरोखर वाढला तर मीडियम ग्रिप वेगळी मागवा. पिस्तुलाच्या मानाने तो खर्च थोडा आहे, आणि जुनी ग्रिप रेंजवर कुणी ना कुणी घेतंच. मात्र ऑर्डर देतानाच माप लिहून द्या. आपल्याकडे तयार माल बहुतेक उजव्या हाताच्या मीडियम ग्रिपमध्ये येतो, आणि 'नंतर बदलून देऊ' हे ऐकून माल उचललात तर ते 'नंतर' लांबतं.

आता वजन. नियमात एअर पिस्तूल १५०० ग्रॅमपर्यंत चालतं, पण तेवढं कुणी धरत नाही. पूर्ण लांबीची मॅच पिस्तुलं साधारण ९०० ते १००० ग्रॅमच्या घरात असतात. लहान हाताच्या मुलींचा दंडही बहुधा बारीकच असतो, त्यामुळे एकूण वजनापेक्षा ते पुढे किती झुकतं हे बघा. नळी आणि सिलिंडर आखूड केलेली कॉम्पॅक्ट किंवा शॉर्ट मॉडेल याच कामासाठी असतात, उदाहरणार्थ स्टायरचं एलपी २ कॉम्पॅक्ट किंवा फाइनवेर्कबाऊचं पी ८ एक्स शॉर्ट. त्यात पुढची ओढ कमी होते. बदल्यात दोन साइटमधलं अंतर कमी होतं, आणि छोट्या सिलिंडरमध्ये हवा कमी मावते. २०१८ पासून मुलींच्या सामन्यातही ४० ऐवजी ६० शॉट आहेत, ७५ मिनिटांत. त्यामुळे सायटिंग, म्हणजे मोजणीआधीचे सरावाचे शॉट, धरून सगळे शॉट एका भरणीत होतात का, हे विक्रेत्याला विचारून घ्या. हात वर धरून साइट पंधरा सेकंद स्थिर राहते का, आणि अशा वीसेक उचलींनंतर खांदा वर चढायला लागतो का, हे बघा. खांदा चढला तर पिस्तूल आज तिला जड आहे. ताकद वाढते, पण त्यासाठी सहा महिने खांदा वर करून मारायला लावू नये.

ग्रिप आली म्हणजे लगेच चपखल बसते असंही नाही. माझ्याकडच्या एका मुलीला स्मॉल ग्रिप आली, ट्रिगर मापात आला, तरी डोळे मिटून उचललं की साइट खाली. हाताला टाल्कम पावडर लावून तिला वीसेक ड्राय शॉट, म्हणजे पेलेट (छर्रा) न भरता, मारायला लावले. गडद लाकडावर पावडरचे पांढरे ठसे उमटले, आणि तळव्याच्या मधल्या खळग्यासमोरचं लाकूड कोरं राहिलं. तिथे हात टेकतच नव्हता, म्हणून पिस्तूल पुढे झुकत होतं. दुसऱ्या बाजूला, अंगठ्याच्या मुळाशी एका फुगवट्यावर ठसा दाट होता. तो फुगवटा बारीक काचकागदाने थोडा उतरवला, खळग्याच्या जागी एम-सीलचा पातळ थर दिला, ओला असतानाच तिला हळूच पकडायला लावलं, वाळल्यावर कडा घासल्या. दिसायला अगदी गावठी काम, पण साइट मधे आली. हे करताना एकच पथ्य: एका वेळी एक जागा, आणि मधे दोन-तीन दिवस सराव. एका बसकणीत ग्रिप कोरायला बसलात की ती कुणाच्याच हाताची राहत नाही. आणि क्लबच्या ग्रिपला काचकागद लावायचा नाही, हे सांगायला नकोच.

घासाघाशीलाही नियम आहेत. सगळं पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत बसायला हवं. शेल्फ किंवा अंगठ्याची टेकण वर वळवून हाताला मिठी मारल्यासारखी केलेली चालत नाही, आणि ग्रिपचा कुठलाही भाग मनगटाला आधार देऊ शकत नाही. ५० मिलिमीटरची जाडी मोठ्या हातांना नडते, लहान हाताला सहसा नाही. तरी सामन्याला जाण्याआधी मोजून घ्या.

आता कंपनी. स्टायर, मॉरिनी, वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, पार्डिनी, या पाचांपैकी कुठलंही घ्या, १० मीटरवर पिस्तूल तुमच्या मुलीपेक्षा कमी अचूक असणार नाही. दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं असतं आणि यातलं कुठलंही पिस्तूल शिकंज्यात आवळून मारलं तर त्याच्या खूप आत सगळे पेलेट टाकतं. त्यामुळे निवड तीन गोष्टींवर करा: तिच्या मापाची ग्रिप मिळते का, ग्रिपचा कोन बदलता येतो का, आणि बिघडलं तर तुमच्या आसपास कोण दुरुस्त करतं.

तिसरी गोष्ट हलकी समजू नका. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, मनू भाकरच्या पिस्तुलात पात्रता फेरी चालू असताना बिघाड झाला आणि तिचा मोलाचा वेळ गेला. अंतिम फेरी हुकली. त्याच खेळाडूने २०२४ ला पॅरिसमध्ये दोन कांस्यं आणली. एवढ्या वरच्या पातळीवर, सोबत सगळा ताफा असताना हे होतं, तर साताऱ्यात सुटा भाग महिनाभर येणार नाही हे धरूनच चालायला हवं. मॉरिनीच्या १६२ ईआयचा ट्रिगर इलेक्ट्रॉनिक आहे, फार स्वच्छ सुटतो, ड्राय फायरिंगला सोपा. स्टायरच्या एलपी १० सारख्या यांत्रिक ट्रिगरमध्ये बॅटरीचा प्रश्न नाही आणि जाणकार माणूस रेंजवरच तो ठीक करू शकतो. तुम्ही पुण्या-मुंबईपासून लांब आहात आणि पहिलंच पिस्तूल आहे, म्हणून मी यांत्रिककडे झुकेन. तुमच्या कोचकडे मॉरिनी असेल आणि त्यांना ती उघडता येत असेल, तर माझा सल्ला उलटाही होऊ शकतो.

दोन लाखांत नवं बसलं नाही तर जुनं घ्यायला हरकत नाही, पण सिलिंडरवर कोरलेली तारीख आधी बघा. बहुतेक कंपन्या सिलिंडरला दहा वर्षांचीच मुदत देतात, आणि मुदत संपलेला सिलिंडर घेऊन सामन्याला गेलात तर जबाबदारी खेळाडूची. २०० बार दाबाच्या वस्तूशी काटकसर नको. जुनं पिस्तूल स्वस्तात मिळालं पण दोन सिलिंडर आणि ग्रिप नवी घ्यावी लागली, तर हिशेब नव्याच्या जवळ जातो. हे आधी कागदावर मांडून बघा. ४.५ मिमीच्या, २० ज्यूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला शस्त्रपरवाना लागत नाही, तरी बिल आणि असोसिएशनचं ओळखपत्र पिस्तुलाच्या पेटीतच ठेवा. प्रवासात विचारणा होते.

पुढे ती २५ मीटरकडे वळली, आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतसारखी, तर .२२ च्या पिस्तुलात लहान हाताचा प्रश्न परत येतो, आणि तिथे मॅगझिन कुठे आहे ते बघायचं. पार्डिनी एसपी किंवा वॉल्थर एसएसपीमध्ये ते ट्रिगरच्या पुढे असतं, म्हणून ग्रिप बारीक करता येते. मॅगझिन ग्रिपच्या आत असेल तर एका मर्यादेखाली लाकूड उतरवताच येत नाही. पण त्याला परवाना लागतो आणि ट्रिगरही १००० ग्रॅमचा, तेव्हा आत्ता त्याचा विचार नको.

नवीन पिस्तूल यायला वेळ लागेल. तोवर क्लबच्या कपाटात स्मॉल ग्रिप पडलेली आहे का विचारा, पुष्कळ ठिकाणी असते आणि कुणी बदलत नाही. नसेल तर ब्लेड मागे घेऊन, शेल्फ सैल करून, मनगट दुखायच्या आत सराव थांबवायचा. पेलेट कमी, भिंतीसमोर ड्राय जास्त. दुखणं विश्रांतीनंतरही राहिलं तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, १३ व्या वर्षी मनगटाशी चालढकल करू नये. आणि मापं घेतलीत की तिन्ही आकडे आणि ग्रिप धरलेल्या हाताचे दोन फोटो, एक वरून आणि एक डाव्या बाजूने, टाका. स्मॉल की एक्स्ट्रा स्मॉल ते त्यावरून सांगता येईल.